ट्रेकचा विमा चुकीचा निघाला, हेलिकॉप्टरचं बिल कुणी भरायचं?

प्रश्न:
एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलेला सहा मित्रांचा गट. सगळ्यांच्या पॉलिसी एकानेच काढल्या, बाकीच्यांनी त्याला पैसे पाठवले. त्याने साधा प्रवास विमा घेतला; त्यात ४,५०० मीटरच्या वरचा ट्रेक वगळलेला होता. गोरकशेपला (५,१६४ मीटर) एकाच्या फुफ्फुसांत पाणी झालं, हेलिकॉप्टरने काठमांडूला न्यावं लागलं. हॉस्पिटल धरून ३,७१,००० रुपये खर्च. क्लेम नाकारला. पॉलिसी काढणाऱ्याने भरायचे की आजारी पडलेल्याने?

उत्तर १:
वाटणी नंतर. आधी नकाराचं लेखी पत्र मागवा, त्यात पॉलिसीतली नेमकी कोणती अट लावली ते बघा. लक्षणं दिंगबोचेलाच (४,४१० मीटर) सुरू झाल्याची डॉक्टरकडे नोंद असेल, तर मर्यादेच्या मुद्द्यावर भांडता येतं. पण लक्षणं असूनही वर चढलात, हे विमा कंपनी नक्की काढणार. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

हेलिकॉप्टरच्या प्रवाशांची यादीही मागवा. एकाच फेरीत तीन रुग्ण आणून प्रत्येकाला पूर्ण फेरीचं बिल लावण्याचे प्रकार नेपाळमध्ये उघडकीस आले आहेत.

उत्तर २:
आजारी पडलेल्यावर सगळं टाकणं मला सरळ अन्याय वाटतो. त्या उंचीवर सहाही जण विम्याविना होते, त्रास कुणालाही झाला असता.

भारतीय करार कायद्याचं कलम २१२ सांगतं, की दुसऱ्यासाठी काम करणाऱ्याने निष्काळजीपणाचं थेट नुकसान भरून द्यावं. पण त्याला त्या कामातलं कौशल्य नाही हे आधीच माहीत असेल, तर तेवढ्या कौशल्याची अपेक्षा धरता येत नाही. तो विमा एजंट नाही हे पाचही जणांना ठाऊक होतं. पॉलिसीची पीडीएफ ट्रेकला निघण्याआधी हातात आली असेल, तर न वाचण्याची जबाबदारीही ज्याची त्याची.

हिशेब असा करा. बरोबर पॉलिसी असती तरी रुग्णाला डिडक्टिबल (क्लेममधला स्वतःच्या खिशातून भरायचा भाग) भरावंच लागलं असतं, ते ९,००० धरा. शिवाय जास्तीचा प्रीमियम, समजा २,०००. हे ११,००० त्याचेच. उरले ३,६०,०००, म्हणजे सहा जणांत ६०,००० प्रत्येकी. रुग्णाचे एकूण ७१,०००.

उत्तर ३:
हिशेब मान्य, एक दुरुस्ती. ‘बेस कॅम्पला, म्हणजे ५,३६४ मीटरपर्यंत जायचंय, ट्रेकिंग कव्हर घे’ असं ग्रुपवर स्पष्ट लिहिलं असेल आणि त्याने प्रीमियम वाचवायला ते सोडलं असेल, तर त्याचे दोन वाटे धरा. सात वाट्यांत एक साधारण ५१,४०० चा होतो, त्याचे १,०२,८००.

लोकपालाचा निकाल येईपर्यंत रुग्णाला पैशांसाठी ताटकळत ठेवू नका. आत्ताच गोळा करून द्या आणि ग्रुपवर लिहून ठेवा: क्लेम मंजूर झाला तर ज्याने जेवढे भरले, त्याच प्रमाणात परत.