नेपाळच्या युद्धात बेपत्ता झालेल्या भावाचे कागद कसे जपायचे?

बागवाला_रत्नागिरी:
आमच्या आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळचे एक दादा असतात, बर्दिया जिल्ह्यातले, थारू या आदिवासी समाजाचे. परवा पेट्या भरताना सांगत होते की २००२ ला सैन्याची माणसं रात्री घरी आली नि मोठ्या भावाला चौकशीला म्हणून घेऊन गेली, ते आजपर्यंत पत्ता नाही. एक फोटो आणि तिथल्या बेपत्ता लोकांच्या आयोगाकडे केलेल्या तक्रारीची पोच एवढंच आहे, त्याच्यापण कडा काळ्या पडल्यात. म्हणाले हे सगळं नीट लिहून ठेवा, मला लिहिता येत नाही. कसं लिहू? आणि न्याय मिळेल का हो त्यांना?

कुडाळचा_वकील:
आधी सांगतो, लॅमिनेशन करू नका, आपल्या दमट हवेत आत ओल राहिली की बुरशी धरते आणि मग कागद सुटतही नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पोचेचा नंबर वेगळा लिहून ठेवा. त्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत रेकॉर्ड करा, मधे मधे सुधारू नका. स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि गावात ऐकलेलं वेगळं लिहा, कारण हे दोन मिसळलं की उद्या अख्ख्या जबाबावर शंका घेतात. तारीख आठवत नसेल तर भात कापून झालं होतं का, दसैंच्या (त्यांचा दसरा) आधी की नंतर असं विचारा पण तारीख तुम्ही सुचवायची नाही. आणि व्हॉट्सॲपवर फिरवू नका, घरचे तिकडेच राहतात.

सागर_मालवण:
बर्दिया वाचून वाईट वाटलं. १९९६ ते २००६ च्या त्या माओवादी आणि सरकारच्या युद्धात १,३०० च्या वर माणसं बेपत्ता झाली आणि सगळ्यात जास्त याच जिल्ह्यातली, २००८ ला युनोच्या मानवाधिकार कार्यालयाने खास बर्दियावर रिपोर्ट काढला त्यात बहुतेक थारूच आहेत. २००६ च्या शांतता करारात लिहिलं होतं की ६० दिवसांत बेपत्ता लोकांची नावं जाहीर करू, आणि त्यांचा तपास करणारा आयोग नेमायला २०१५ उजाडलं! न्यायाचं विचाराल तर नेपाळच्याच काभ्रे जिल्ह्यातल्या १५ वर्षांच्या मुलीला २००४ ला सैन्याच्या कोठडीत मारलं, तिची आई वर्षानुवर्षं लढली तेव्हा २०१७ ला तीन अधिकाऱ्यांना जन्मठेप झाली, पण ते कोर्टात हजरच नव्हते. त्या दादांना खोटी आशा लावू नका. पण तिथल्या सुप्रीम कोर्टाने युद्धातल्या गंभीर गुन्ह्यांना सरसकट माफी नाकारलीय, म्हणून जबाब तयार असलेला बरा.

बागवाला_रत्नागिरी:
आभार दोघांचे. त्यांची आई अजून आहे गावी, भावाला नेलं तेव्हा दारात तीच होती.

कुडाळचा_वकील:
मग आधी तिचं घ्या हो. दादा त्या वेळी घरात होते का तेपण विचारा, नसतील तर मुख्य साक्षीदार तीच. सीझन संपून ते गावी जायची वाट बघू नका, आज फोनवर बोलता येत असेल तर आजच, फक्त तिची तयारी आहे का ते आधी त्यांनाच विचारू दे.