नानांसाठी काय घेऊ? बजेट ३०००, भुसावळ

तिसरी_पाळी (भुसावळ)
आमचे नाना रेल्वेतून रिटायर झाले, वय ६२. बीपी १३८/८८ च्या आसपास. साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, तीन महिने राहणीमान सुधारा. पहाटे चालायचे, मे लागला आणि ते बंद पडलं. झोप तुटक. विडी दिवसाला चार-पाच. मनगटी बँड घेऊ, बीपी मशीन घेऊ की आणखी काही? बजेट तीन हजार, खरंच तीन हजार.

केळीबागवाला (रावेर)
तीन हजारात खेळणं येतं भो. मी चौदा हजारांचं घड्याळ घेतलं. पावलं, झोप, ठोके सगळं दाखवतं. रोज दहा हजार पावलं झाल्याशिवाय मी जेवत नाही.

मेहरूणकाठ (जळगाव)
दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र त्या आकड्यावर विकलं. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांवरचा अभ्यास आला, सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. अर्थात आजारी माणूस मुळातच कमी चालतो, तेही धरायला हवं. आम्ही तलावाला फेरी मारतो, मोजत कोणी नाही.

केळीबागवाला (रावेर)
बायकांचा अभ्यास नानांना कसा लागू?

मेहरूणकाठ (जळगाव)
आणि दिवसभर बागेत फिरणाऱ्याला पावलं मोजायला चौदा हजार कशाला?

घाणीचं_तेल (चोपडा)
सगळं सोडा, आधी तेल बदला. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. आमच्या घरात दुसरं येतच नाही आणि कोणाला काही नाही.

धुळ्याची_माई
तेल कुठलंही आणा, भरिताला वाटीभर ओतलं तर काय उपयोग? मिठाचं कोणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात सगळंच आलं. आपल्याकडे पापड, बिबडे, लोणचं, ठेचा, वर शेव. मोजा एकदा. बीपीवाल्या घरात पहिला खर्च शून्य रुपयांचा आहे.

घाणीचं_तेल (चोपडा)
धुळ्याच्या माणसांनी आम्हाला भरीत शिकवू नये. बामणोदचं वांगं, कळण्याची भाकरी आणि त्यावर मोजून तेल?

धुळ्याची_माई
भाकरीला कोण नाही म्हणतंय! खा ना. मी वाटीबद्दल बोलले.

वरणगावकर
बीपी मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं. मनगटाचं नको, हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. माझ्याकडचं मनगटाचं कपाटात पडून आहे. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. मधे मिनिटभर थांबून दोनदा घ्या आणि वहीत लिहा. चहा-विडीनंतर लगेच घेतलेला आकडा धरू नका. दीड-दोन हजारात बसतं.

व्यायामशाळा_अमळनेर
जिम लावा त्यांना. वर्षाचे बारा हजार, पण सवय लागते. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. दुसरी गोष्ट सगळे विसरतात.

तिसरी_पाळी (भुसावळ)
दादा, बजेट वर लिहिलंय.

व्यायामशाळा_अमळनेर
मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस. फुकट आहे. पण जिमची सर नाही.

पांझराकाठ (धुळे)
बठ्ठं बरोबर शे, पन पहिले नानाले सांगा, विडी सोडा. बाकी मंग.

मेहरूणकाठ (जळगाव)
+१. धाग्यातलं सगळ्यात कामाचं हेच. ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षं पाहणी झाली, निकाल २००४ मध्ये आले. साठीला सिगारेट सोडणाऱ्यांनाही साधारण तीन वर्षं जास्त मिळाली, तिशीत सोडणाऱ्यांना दहा. सोडायला मदत हवी असेल तर सरकारी हेल्पलाइन १८००-११२-३५६.

केळीबागवाला (रावेर)
तो अभ्यास सिगारेटचा. विडी पानाची असते.

धुळ्याची_माई
भाऊ, आत तंबाखूच असते.

जुना_सभासद (नंदुरबार)
वर कोणी लिहिलंय का पाहिलं नाही, पण दंडाचं बीपी मशीन घ्या.

तिसरी_पाळी (भुसावळ)
सगळ्यांचे आभार. यातलं काहीच घेतलं नाही. नानांच्या खोलीतल्या कूलरची मोटर गेली होती, ती बदलली, पंप आणि गवतही नवं टाकलं. २,७०० झाले. कारण असं, की या उकाड्यात ते रात्री दोनपर्यंत ओट्यावर बसतात. बसले की विडी, विडी ओढली की झोप आणखी लांब. मग उशिरा उठतात, तोवर ऊन तापतं, चालणं बुडतं. माझ्या मते गाठ तिथे आहे. दंडाचं मशीन मामांकडे आहे, ते रविवारी आणतो. पापड निम्मे केले, त्यावरून आईशी वाद चालू आहे. विडीचं काढलं की नाना उठून जातात, ते डॉक्टरांवर सोडलंय.

केळीबागवाला (रावेर)
कूलरने सांधे धरतात. घड्याळ घ्यायला हवं होतं.

वरणगावकर
मशीनचा पट्टा नानांच्या दंडाला बसतो का बघून घ्या, घट्ट असला तर आकडा जास्त येतो. आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, डेंगूचे डास तिथेच होतात.