घोडीच्या गर्भाशयाच्या इन्फेक्शनवर घरगुती उपाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लोहा तालुक्यातला. माझी मारवाडी घोडी गाभणच राहीना गेलीय, माजावर बरोबर २१ दिवसांच्या आसपास येते, घोडा दाखवला तर उभी पण राहते, पण नंतर अंगावरून पांढरट घट्ट जातंय आणि शेपटीखाली चिकटून वाळतंय. डॉक्टरनी सलाईननी गर्भाशय धुतलं, अँटीबायोटिक दिलं, तेवढ्यापुरतं थांबलं अन् परत सुरू. आता ते म्हणतात स्वॅब परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजला नेऊन दाखवा, कोणते जंतू आहेत अन् कोणतं औषध लागू पडतं ते कळेल, बुरशी असली तर अँटीबायोटिकनं उलट वाढते म्हणे. ते तर करणारच आहे.

पण गावातले जुने जाणते कडुलिंबाच्या पाल्याचा काढा आत सोडा म्हणतात, कुणी हळद, कुणी मध. आत काही सोडायची मला लई भीती वाटते, नाजूक जागा आहे, जखम झाली तर घोडी कायमचीच वांझ राहायची. खाण्यातून शतावरी किंवा दुसरं काही देऊन कुणाला खरंच फरक पडला का? आणि योनीला वरून टाके घालतात, शेण आत जाऊ नये म्हणून, ते कुणी करून घेतलंय का? घरच्या लेकरासारखी आहे हो, अनुभव असलेल्यांनी नक्की सांगा.