‘लेव्ही’चं मूळ गाणं
‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (लेव्ही म्हणजे नदीकाठचा बांध) हे गाणं लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचं असल्याचं म्हटलं जातं, त्यात भर घालतो. मूळ गाणं ब्लूज गायिका-गिटारवादक मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ साली ध्वनिमुद्रित केलं. गातो जो, पण जीव आहे मिनीच्या गिटारमध्ये! विषय १९२७चा मिसिसिपीचा महापूर. तेव्हा कृष्णवर्णीय मजुरांना बंदुकीच्या धाकानं बांधावर राबवलं गेलं. हे माहीत असलं की रात्रंदिवस बांधावर खपल्याची ओळ अंगावर येते. झेपेलिननं आपला ड्रमर बॉनमचे ड्रम हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात ठेवून माइक जिन्यावरून टांगले. तो घुमारा अफाटच. १९७१च्या त्या रेकॉर्डवर श्रेय मिनीला मिळालं, जोला मात्र नाही. हे मला अजून खटकतं.