मदत हवी आहे: पाती बदलल्यापासून रंधा मशीन फळीवर पायरी पाडतंय

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातलं आमचं जुनं धाब्याचं घर यंदा उतरवलं. आजोबांच्या हातच्या सागाच्या कड्या निघाल्या, त्यांचा आईसाठी पलंग करतोय. ८२ मिमीचं इलेक्ट्रिक रंधा मशीन घेतलं. तिसऱ्याच कडीत मोडका खिळा दडलेला होता. खाडकन आवाज, ठिणगी, आणि दोन्ही पात्यांना ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा!

पाती उलटून दुसऱ्या धारेने बसवली. तेव्हापासून फळीच्या एका बाजूला उभी पायरी उठते, बोट फिरवलं की लागते. कापाची खोली अर्ध्या मिमीवरच ठेवतो, तरी मशीन थरथरतं आणि रबर जळाल्यासारखा वास येतो. मोटरवरून पाती फिरवणारा रबरी पट्टा गेला असेल का?

प्लग काढून, मागच्या तळावर लोखंडी पट्टी ठेवून पात्याची धार तिच्या बरोबरीत आणायची, एवढं मला माहीत आहे. पण दोन्ही टोकं सारखी येतच नाहीत. स्क्रू आवळला की पातं सरकतं. आधी कुठला आवळायचा?

दुसरं, जुन्या लाकडातले खिळे कसे शोधता? लोहचुंबकाला खोलवरचा खिळा सापडत नाही.

काळजी पुतण्याची वाटते. बटण सोडल्यावरही ड्रम (पाती बसवलेला गोल भाग) फिरत राहतो, आणि परवा त्याने मशीन तसंच ओट्यावर टेकवलं. वायर चार बोटांवर होती. तुम्ही नवशिक्यांना काय सवय लावता? जाणत्या सुतारभाऊंनी सविस्तर सांगा, पट्ट्याचा फोटो टाकतो.