लेखक-पेपर ग्राफ: संस्था रिलेशनशिपवर ठेवू की वेगळा नोड करू? आणि लेखक स्वतःचाच सहलेखक का येतोय?

ग्राफनवखा:
मंडळी, निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमधे रिसर्च पेपर्सचा ग्राफ करतोय, म्हणजे वस्तू (नोड) आणि त्यांना जोडणारे दुवे (रिलेशनशिप). लेखक आणि पेपर नोड, मधे 'लिहिला' रिलेशनशिप, तिच्यावर लेखकाचा क्रम आणि त्या वेळची संस्था. ज्याने एकाच पेपरवर दोन संस्था दिल्यात त्याच्या दोन रिलेशनशिप टाकल्यात. सहलेखक काढायला हे लिहिलं:

(अ)-[:लिहिला]->(पेपर)<-[:लिहिला]-(ब)

एका मॅचमधे (पॅटर्न शोधायचं कलम) लिहिलं तर बहुतेकांचं बरोबर येतं पण काही जण स्वतःचेच सहलेखक दिसतात, आणि तेच दोन मॅचमधे तोडून लिहिलं तर सगळेच स्वतःचे सहलेखक! पॅटर्न तोच आहे ना?

जोडतोड:
तोच दिसतो, पण नियम वेगळा लागतो. सायफरमधे (निओफोरजेची क्वेरी भाषा) एका मॅचच्या आत तीच रिलेशनशिप दुसऱ्यांदा वापरली जात नाही, नोड मात्र परत आला तरी चालतो. त्यामुळे गेलेल्या वाटेनेच परत स्वतःकडे येता येत नाही. दोन मॅच केले की हे बंधन प्रत्येक मॅचपुरतं राहतं, मग परतीची वाट मोकळी. आणि ते 'काही जण' म्हणजे दोन संस्थावाले असणार बघा, एका रिलेशनशिपने जातात दुसरीने परत येतात, नियम मोडतच नाही. अ <> ब ही अट स्वतः लिहा, इंजिनच्या भरवशावर सोडू नका. स्पार्कलमधे (दुसरी एक ग्राफ क्वेरी भाषा) तर हे बंधनच नाही, तिथे फिल्टर लावावाच लागतो. जीक्यूएल या ग्राफ क्वेरी भाषेच्या आयएसओ स्टँडर्डमधे (२०२४) निदान हे उघड लिहायची सोय आहे, एज (म्हणजे रिलेशनशिपच) वेगवेगळ्याच हव्यात की परत आल्या तरी चालतील ते क्वेरीतच सांगता येतं.

पेपर मोजत असाल तर डिस्टिंक्ट लावा (म्हणजे तोच पेपर एकदाच मोजला जाईल), दोन संस्थावाल्यांचे आकडे दुप्पट येत असतील.

त्रिपदी:
मूळ घोळ मॉडेलमधे आहे. संस्था ही स्वतःच एक वस्तू आहे, तिच्याबद्दल उद्या विचारणार ('या संस्थेतून कोणी काय लिहिलं'), मग ती रिलेशनशिपच्या प्रॉपर्टीत नुसता मजकूर (स्ट्रिंग) म्हणून कशाला कोंबायची? रिलेशनशिपला तिसरं टोक नसतं, तिसरा आला की मधे नोड करा: लेखक → लेखकत्व → पेपर, आणि लेखकत्वापासून संस्थेकडे एज, संस्था दोन तर दोन एज. लेखकत्व मात्र लेखक-पेपर जोडीला एकच. संस्थेगणिक लेखकत्व केलंत तर परत तोच प्रॉब्लेम. विकिडेटातसुद्धा (विकिपीडियाचं भावंड, माहितीचा ग्राफ) विधानाचा वेगळा नोड असतो आणि कधीपासून कधीपर्यंत वगैरे माहिती त्याला चिकटते. क्रम राहू दे प्रॉपर्टी, साधा आकडाच तर आहे.

टेबलवाला:
एवढ्यासाठी ग्राफ डेटाबेस? सहलेखक म्हणजे एका टेबलाचा स्वतःशी जॉइन. एसक्यूएलच्या (टेबलांची क्वेरी भाषा) २०२३ च्या स्टँडर्डमधे तर टेबलांवरच ग्राफ पॅटर्न लिहायची सोय आली आहे.

ग्राफनवखा:
@टेबलवाला सहलेखकापर्यंत ठीक, पण मला पॉल एर्डिश या गणितज्ञापासूनचं सहलेखकांच्या साखळीतलं अंतर (एर्डिश नंबर) पण काढायचंय, ते किती उड्यांचं निघेल आधी माहीत नसतं. @त्रिपदी लेखकत्व नोड पटलं, पण मग वाट लांबणार ना?

त्रिपदी:
लांबणार. आधी एका सहलेखकापर्यंत दोन एज होत्या, आता चार, म्हणजे एर्डिश नंबर = लांबी भागिले ४. पण खरी भीती ती नाही, स्टार लावून (म्हणजे कितीही उड्या चालतील म्हणून) सगळ्या वाटा मागितल्यात तर इंजिन शक्य ती प्रत्येक वाट मोजत बसेल आणि क्वेरी परतच येणार नाही. सरळ सर्वात छोटी वाट मागा, वर कमाल मर्यादा घाला. आणि वाट काढताना संस्थेच्या एज पॅटर्नमधून वगळा हं, नाहीतर एकाच मोठ्या संस्थेतले लोक एकमेकांचे शेजारी होतील आणि सगळ्यांचा नंबर भलताच छोटा येईल. हा प्रश्न रोजचा असेल तर लेखक-लेखक थेट 'सहलेखक' एज काढून ठेवा, मग लांबी हाच नंबर, फक्त नवीन पेपर आला की ती एज पण घालायला लागेल.

जोडतोड:
आणि ती एज जोडीला एकदाच घाला, मर्जने (आधी नसेल तरच घालतो), बाण न देता. दोन्ही दिशांनी घातलीत तर सहलेखकाचा सहलेखक काढताना परत स्वतःच दिसाल.