टेक्सासहून जर्सीला येतोय, पिस्तूल सोबत आणावं का?

मंदार, ह्यूस्टन (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

मी ह्या मेलिंग लिस्टवर नवीन आहे, एडिसनच्या एका मित्राने ऍड केलं. पुढच्या महिन्यात आम्ही ह्यूस्टनहून न्यू जर्सीला मूव्ह होतोय, मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. शाळा, अपार्टमेंट वगैरेसाठी वेगळा मेल टाकेन पण आधी हा प्रश्न. माझ्याकडे एक नाइन एमएम पिस्तूल आहे, ग्रीन कार्ड आल्यावर इथल्या दुकानातून रीतसर फॉर्म भरून घेतलेलं, सोबत १७ राउंडची (गोळ्यांची) दोन मॅगझिन. इथे ते गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये असतं, २०२१ पासून टेक्सासमध्ये परमिटही लागत नाही. आम्ही गाडीनेच येणार आहोत. एक मित्र म्हणतो लीगल आहे ना, मग घेऊन जा, कोण विचारतंय. दुसरा म्हणतो जर्सीत सरळ आत टाकतात. तिसरा म्हणाला माझ्याकडे ठेवून जा, नंतर बघू. आणि दिवाळीला आई-बाबा सहा महिने राहायला येतायत, त्यांचं काही असतं का ह्यात? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

मंदार

सुनीता, एडिसन (मंगळवार, सकाळी ६:५५)

मंदार, तुझा मेल काल रात्री वाचला आणि झोपच लागेना, म्हणून ऑफिसला जायच्या आधी लिहितेय. मी वकील नाही. आमच्या ह्यांना शूटिंग रेंजवर जायची आवड आहे, त्यांच्याकडे जर्सीचं बंदुकीसाठीचं आयडी कार्ड आहे, तेव्हा हे सगळं घरात बसून फॉर्म भरत भरत शिकलेय. तू इथे पोचल्यावर एखाद्या वकिलाला जरूर विचार, पण निघण्याआधी एवढं वाच.

ग्लव्ह बॉक्समध्ये घालून तर अजिबात आणू नकोस. जर्सीत कॅरी परमिट (हत्यार घेऊन बाहेर फिरायचा परवाना) नसताना पिस्तूल तसं सापडलं तर तो दुसऱ्या दर्जाचा गुन्हा, ५ ते १० वर्षं, आणि ग्रेव्हज ऍक्ट म्हणून जो कायदा आहे त्याने निदान ४२ महिने पॅरोलशिवाय. टेक्सासचं किंवा पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स इथे चालतच नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई, दोन लहान मुलांची आई, अटलांटिक काउंटीत ट्रॅफिक स्टॉपला थांबवली. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचं परमिट होतं, तिने स्वतःहूनच पोलिसाला सांगितलं की पर्समध्ये पिस्तूल आहे. प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच अटक झाली, महिन्याहून जास्त तुरुंगात काढला, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टींनी माफी दिली तेव्हा प्रकरण पूर्ण मिटलं. तिचा गुन्हा काय, तर पूल ओलांडला. आणि ती नागरिक होती. तू ग्रीन कार्डवर आहेस. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलास, मग तो राज्याच्या कायद्याखाली का असेना, तर इमिग्रेशनच्या कायद्यात त्यावरून डिपोर्ट करता येतं. तुझ्या मित्राला हे माहीत नसावं नाहीतर "कोण विचारतंय" म्हणाला नसता.

मॅगझिनचं वेगळंच. २०१८ पासून जर्सीत १० राउंडच्या वरचं मॅगझिन घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, आधी १५ ची मर्यादा होती. कोर्टात वाद चालूच आहेत पण २०२४ मध्ये फेडरल जज्जांनी मर्यादा कायम ठेवलीय. तेव्हा ती दोन मॅगझिन ह्यूस्टनलाच राहू देत.

प्रवासाचं म्हणशील तर १९८६ चा फेडरल कायदा आहे, मधल्या राज्यांतून जाताना तो संरक्षण देतो पण अट अशी की जिथून निघालास आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी ती वस्तू तुझ्याकडे असणं कायदेशीर पाहिजे, पिस्तूल रिकामं पाहिजे आणि ते किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला येता कामा नयेत. म्हणजे डिकीत, कुलपाच्या पेटीत. मॅगझिनला हे संरक्षण लागूच होणार नाही कारण पोचायच्या ठिकाणी ती चालत नाहीत. आणि इथे राहायला आल्यावर ६० दिवसांच्या आत फायरआर्म्स आयडी कार्ड काढायचं आणि बाहेरून आणलेलं पिस्तूल नोंदवायचं, हा नियम २०२२ मध्ये आला.

मित्राकडे ठेवायचं म्हणतोस तर तो मित्र कशावर आहे? एच-वन-बी वर असेल तर त्याने हातही लावू नये. फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूकही नाही आणि गोळीही नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत. आणि तो टेक्सासचाच नागरिक असला तरी एकदा तू जर्सीचा झालास की त्याने तुला परस्पर परत देता येत नाही, दोन राज्यांतल्या माणसांमधला व्यवहार लायसन्सवाल्या डीलरमार्फतच.

आई-बाबांचं तू विचारलंस हे फार बरं केलंस, हे कुणी विचारतच नाही. ते बी-टू (व्हिजिटर व्हिसा) वर येणार, म्हणजे त्यांनाही तेच लागू. ताबा म्हणजे नुसतं हातात धरणं नव्हे, पाहिजे तेव्हा काढता येईल अशी सोय असली तरी तो ताबा धरला जाऊ शकतो. तेव्हा सेफची किल्ली "बाबा, जरा तुमच्याजवळ राहू दे" असं चुकूनही करू नकोस. आणि मुलगी पाच वर्षांची. सोळाच्या आतल्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवलं तर इथे तो मोठ्यांचा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आमच्याकडे सेफ कपाटाच्या आत, गोळ्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि आमची नात आली की हे रात्री झोपायच्या आधी दोन्ही कुलपं ओढून बघतात. मी पलंगावर पडल्या पडल्या तो खट् आवाज ऐकते, मगच डोळा लागतो.

सुनीताताई

विनय, जर्सी सिटी (मंगळवार, दुपारी १:१०)

सुनीताताई, माहिती बरोबर आहे पण तुम्ही पोराला घाबरवून टाकलंत. मी अठरा वर्षं स्टोअर चालवतोय, रात्री अकरापर्यंत काउंटरवर एकटा. दोनदा माझ्या छातीवर पिस्तूल रोखलंय, पोलीस आले ते सगळं झाल्यावर. हत्यार बाळगायचा हक्क अमेरिकेच्या संविधानात आहे, १७९१ पासून, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये हेलर केसमध्ये सांगितलं की तो एकेकट्या माणसाचा हक्क आहे आणि २०२२ च्या ब्रूएन निकालात सांगितलं की घराबाहेरसुद्धा आहे. त्यावर जर्सीने काय केलं तर फी वाढवली, कार्ड ५ डॉलरचं ५० केलं, पिस्तुलाचं परमिट २ चं २५, कॅरी परमिट २०० डॉलर. कायद्यात ३० दिवस लिहिलंय, मला कार्ड मिळायला चार महिने लागले. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ आहे त्याचाच हक्क का मग? आमच्या कराडच्या घरी आजोबांची बारा बोअरची बंदूक होती, खंडेनवमीला पूजा आणि निवडणूक लागली की चौकीत जमा, लायसन्ससाठी आजोबा वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते. इथे पण तेच करायचं असेल तर काय उपयोग.

विनय

सुनीता, एडिसन (मंगळवार, रात्री १०:२०)

विनयदादा, तुमच्यावर जी वेळ आली ती मला माहीत आहे आणि तुमचं दुखणं खरं आहे. दुकानाच्या मालकाला दुकानात हत्यार ठेवायला जर्सीचा कायदा आडवा येत नाही, तेवढा आधार तुम्हाला आहे. आणि चार महिने लागतात हे चूकच, कायद्यात ३० दिवस लिहिलेत तर ३० दिवसांत द्यावं, ह्यात मी तुमच्या बाजूने आहे. फीचंही तेच.

पण चौकशीच नको असं मी म्हणणार नाही, आणि का ते आज सांगतेच, कारण हे इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. कार्डासाठी दोन रेफरन्स लागतात, कॅरी परमिटला तर चार, नात्यातले नाहीत असे. तीनेक वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एकाने मला न विचारता माझा ईमेल दिला. मला पोलिसांकडून लिंक आली. चहा घेऊन डायनिंग टेबलाशी बसले, प्रश्न वाचले. मला वाटलं होतं काय ते, हो हो नाही नाही करायचं आणि पाठवायचं. पण त्या माणसाचा राग मी पाहिलेला होता, गणपतीच्या वेळी हॉलच्या किचनमध्ये बायकोच्या हातातलं पातेलं त्याने कसं हिसकावलं आणि ती कशी हसून बाजूला झाली ते मी पाहिलेलं होतं, आम्ही चौघी होतो तिथे, चौघीही पुऱ्या लाटत राहिलो. आता ते लिहायचं की नाही? आपल्यात भीड असते ना, रोज तोंड बघायचं असतं, त्याच्या बायकोने कधी काही सांगितलं नव्हतं. चहा गार झाला. शेवटी जे पाहिलं तेवढंच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही. त्याला कार्ड मिळालं की नाही मला आजवर माहीत नाही, मी विचारलंही नाही. पण दोन महिन्यांनी तिचा फोन आला, रात्री, पहिल्यांदाच सगळं बोलली. घरात तेव्हा हत्यार नव्हतं एवढं मला कळलं.

म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, जर्सीचा १९६६ पासूनचा हा कायदा शेवटी तुमच्या-आमच्या त्या दोन उत्तरांवर उभा आहे. चौकशी करणारा डिटेक्टिव्ह आपल्या घरात येऊन राहत नाही. त्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं. भिडेखातर टिक मारून पाठवू नका. राग, दारू, मारहाण एवढंच नाही, एखादा माणूस ले-ऑफनंतर गप्प झालाय, जेवत नाही, सगळं आवरून ठेवतोय, हेही बघा. ह्या देशात बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं स्वतःच्याच हाताने जातात. आणि घरातल्या माणसाची अशी काळजी वाटली तर २०१९ पासून जर्सीत सोय आहे, घरचे लोक कोर्टात अर्ज करून हत्यारं तात्पुरती काढून घेण्याचा आदेश मागू शकतात. त्यासाठी त्याने गुन्हा केलेला असावा लागत नाही. हे कुणालाच माहीत नसतं म्हणून लिहितेय.

सुनीताताई

तन्मय, प्लेन्सबरो (बुधवार, दुपारी १२:०५)

सुनीताकाकू, मध्येच विचारतो, सॉरी. मी एच-वन-बी वर आहे, शुक्रवारी आमच्या टीमची आउटिंग पेनसिल्व्हेनियातल्या एका रेंजवर आहे. मॅनेजर म्हणाला रेंजची गन असते, रेंटवर, विकत थोडीच घ्यायचीय. आधी एफ-वन (स्टुडंट व्हिसा) वर असताना एकदा गेलोय पण. चालतं ना?

सुनीता, एडिसन (बुधवार, दुपारी १२:३०)

तन्मय, जाऊ नकोस. गेलास तर काचेच्या अलीकडे बस, हातात घेऊ नकोस. भाड्याची असली तरी हातात घेतली की ताबा झाला. हे राज्याचं नाही, फेडरल आहे, त्यामुळे पेनसिल्व्हेनिया असो की टेक्सास. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली केस आहे, रेहाइफ नावाच्या मुलाची, फ्लोरिडात एफ-वन वर शिकायला आलेला, कॉलेजातून नाव कमी झालं तरी राहिला, आणि रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या. त्यावरून फेडरल खटला. कोर्ट म्हणालं, आपलं स्टेटस त्याला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण तुला तर तुझं स्टेटस चांगलंच माहीत आहे. शिकारीच्या वैध लायसन्सचा अपवाद खरा आहे, पण शुक्रवारच्या आउटिंगसाठी घाईत काहीतरी काढून त्याच्या भरवशावर जाऊ नकोस, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार. आणि आधी गेला होतास ते इथे सगळ्यांसमोर लिहू नकोस रे बाळा, तेही वकिलालाच सांग.

मंदार, ह्यूस्टन (शनिवार, संध्याकाळी ६:१५)

सुनीताताई, विनयदादा, मनापासून आभार. आज सकाळी जाऊन पिस्तूल आणि दोन्ही मॅगझिन दुकानात विकून आलो, निम्मेच पैसे मिळाले पण ठीक आहे. बायकोला तुमचा मंगळवारचा मेल वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली मला ते ग्लव्ह बॉक्समध्ये कधीच आवडलं नव्हतं. हे तिने मला तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिथे सेटल झाल्यावर कदाचित पुन्हा रेंजसाठी कार्ड काढेन, तेव्हा ताई तुमचं नाव रेफरन्सला देऊ का?

सुनीता, एडिसन (शनिवार, रात्री ८:००)

विचारलंस हे छान केलंस. आत्ता हो म्हणणार नाही, मी तुला अजून पाहिलेलं नाही. पोचलात की पहिल्या रविवारी तिघं जेवायला या, आई-बाबा आले की त्यांनाही आण. वर्षभर येत-जात राहा, मग विचार, तेव्हा जे वाटेल ते खरं सांगेन. मुलीला तिखट चालतं का तेवढं कळव.